बांध नसलेलं शिवार : लॅक्सटन, नॉटिंगहॅमशायर

नॉटिंगहॅमकर

इथे बांधाचा विषय निघाला की दोनशे प्रतिसाद ठरलेले, म्हणून म्हटलं माझ्याकडून पण थोडं सरपण. नेवार्कच्या उत्तरेला आणि शेरवुडच्या जंगलाच्या पूर्वेला लॅक्सटन म्हणून एक लहानसं खेडं आहे. एक चर्च, एक पब, रस्त्याला लागून लाल विटांची घरं आणि घरामागे लांबट परसू, एवढंच. पण या गावाचं शिवार अख्ख्या इंग्लंडात वेगळं आहे कारण इथे मध्ययुगातली सामाईक रानांची पद्धत अजून चालू आहे. म्युझियम म्हणून नाही हां, खरोखरची शेती, ट्रॅक्टर वगैरे सगळं.

पद्धत अशी की गावाची तीन मोठी रानं आहेत, साउथ फील्ड, वेस्ट फील्ड आणि मिल फील्ड. प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही रानांत विखुरलेले, मधे कुंपण नाही, झुडपांची ओळ नाही, बांध तर नाहीच नाही. एका रानात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड, आणि दरवर्षी हे फिरतं. कोणी काय कधी पेरायचं हे एकट्याने ठरवायचं नाही, गावाने ठरवायचं. पूर्वी कापणी झाली की सगळ्यांची जनावरं त्या रानात सोडायची, म्हणजे एखाद्याने उशिरा पेरलं तर गावाची गुरं त्याच्या उभ्या पिकात जाणार, त्यामुळे शिस्त आपोआप लागायची.

आता मुख्य गंमत. नोव्हेंबरच्या शेवटाला ज्युरीचा दिवस असतो. गावातल्याच शेतकऱ्यांमधले बारा जण आणि एक म्होरक्या, ट्रॅक्टरला ट्रेलर जोडायचा, त्यात गवताच्या गठ्ठ्यांवर बसायचं आणि नुकतंच गहू पेरलेलं रान बघायला निघायचं. सोबत लाकडी खुंट आणि हातोडा. पट्ट्यांच्या टोकाला उभं राहून एका खुंटापासून दुसऱ्यापर्यंत डोळ्यांनी रेघ धरतात, आणि कोणी नांगर फिरवताना पाणंदीवर किंवा गवताच्या ओघळीवर फूटभर जरी सरकला असेल तर तिथे खुंट ठोकून नाव लिहून घेतात. या ओघळींना ते साइक म्हणतात, पाणी वाहून जायच्या सखल पट्ट्या, त्या नांगरायच्या नसतात. मी बघायला गेलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता, बुटांना चार बोटं चिखल, आणि एका ठिकाणी दोन म्हातारे पाच मिनिटं नुसते नांगराच्या एका तासाकडे बघत उभे, कोणी काही बोलेना. मग एकाने खुंट काढून वीतभर अलीकडे ठोकला, विषय संपला. ज्याचा पट्टा होता तो तिथेच उभा होता आणि तोही ज्युरीतच होता :)

त्यानंतर आठवड्याने कोर्ट बसतं, तेही पबमधे, डव्हकोट इन नावाच्या. इस्टेटीचा कारभारी असतो तो अध्यक्ष. नावांचा पुकारा होतो, गैरहजर राहिलं की नाममात्र दंड, आक्रमण केलं असेल तर थोडा मोठा, आणि पुढच्या वर्षाची ज्युरी तिथेच नेमतात. नाटक वाटेल कोणाला, पण १९७७ साली ब्रिटनच्या संसदेने अशा जुन्या जमीनदारी कोर्टांचे अधिकार काढून घेतले तेव्हा कायद्यात लॅक्सटनच्या या कोर्टाचा (त्याला लीट कोर्ट म्हणतात) अपवाद नाव घेऊन ठेवला. म्हणजे त्या पबमधल्या टेबलावर झालेला दंड हा खराखुरा दंड आहे.

गावाचा १६३५ सालचा नकाशा आहे, मार्क पीयर्स नावाच्या मोजणीदाराने काढलेला, ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत असतो. पट्टा न् पट्टा दाखवलाय आणि मधेच नांगरणारी माणसं, कापणी, शिकार अशी चिमुकली चित्रं. नकाशासोबत एक वही आहे त्यात कोणता पट्टा कोणाचा हे सगळं. आपल्याकडे त्या साली शहाजीराजे निजामशाही वाचवायला धडपडत होते, एवढा काळ झाला.

सध्या इतकंच, कोणाला रस असेल तर गावातल्या घराण्यांच्या नोंदींबद्दल लिहितो, ते खरं माझं वेड आहे.

तलाठीआप्पा

वा, नोकरीची बत्तीस वर्षं डोळ्यांपुढून गेली. आमच्याकडे बांध असूनही कोरतात आणि तिकडे बांध नसताना भांडण नाही हे पटत नाही बुवा. दोन शंका. एक, मोजणी कोण करतं, शासकीय मोजणीदार येतो का? दुसरी, जमीन कोणाच्या नावावर? कुळं आहेत की मालक?

चुलत_भाऊबंद

जागा पकडून ठेवतो. घराण्यांच्या नोंदींबद्दल लिहाच.

नॉटिंगहॅमकर

आप्पा, भांडण नाही असं मी कुठे म्हटलं, भांडण आहे म्हणून तर ज्युरी आहे! मोजणीदार कोणी येत नाही, बारा जणांची नजर हीच मोजणी. आणि ते बारा जण पुढच्या वर्षी बदलतात म्हणजे आज मी तुझा खुंट सरकवला तर उद्या तू माझा सरकवणार, त्यामुळे कोणी फार शहाणपणा करत नाही.

बहुतेक सगळी कुळं आहेत, खंड भरतात. मालकी फिरत आली. १६३५ साली सर विल्यम कोर्टेन नावाचा लंडनचा व्यापारी मालक होता, नकाशा त्यानेच काढून घेतला, विकत घेतलेल्या मालात नक्की काय आहे आणि किती खंड निघू शकतो ते कळावं म्हणून. त्याच्या मागून ते गाव पियरपॉन्ट घराण्याकडे गेलं, पुढे हेच अर्ल मॅनव्हर्स झाले. १९५२ साली सहाव्या अर्लने शेतकी खात्याला विकलं, १९८१ ला क्राऊन इस्टेटकडे (राजाच्या नावावरच्या जमिनी सांभाळणारी संस्था) गेलं आणि २०२० मधे परत थोर्सबी इस्टेटने घेतलं, म्हणजे पियरपॉन्टांच्याच वारसांकडे.

आणि हे टिकलं कसं म्हणाल तर गावाला परंपरेचं प्रेम होतं म्हणून नाही. बाकी इंग्लंडात सामाईक रानं संसदेच्या कायद्यांनी कुंपणं घालून वाटून टाकली, १६०४ ते १९१४ मधे असे ५,२०० च्या वर कायदे झाले आणि ६८ लाख एकर त्यात गेले. सरपण, चराई, कापणीनंतर पडलेली कणसं वेचायचा हक्क, गरिबाचं सगळं त्यात गेलं. लॅक्सटनलाही तेच व्हायचं होतं पण तिथे दोन मोठे जमीनदार होते, मॅनव्हर्स आणि स्कारब्रो, आणि त्यांचं जमिनीच्या अदलाबदलीवर काही केल्या जमेना. दोघांनी मिळून गाव वाचवलं ते निव्वळ एकमेकांची खोड मोडायच्या नादात. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इस्टेटीने पट्टे एकत्र करून मोठे केले, त्यामुळे आज पाचशे एकराच्या आतच सामाईक रान उरलंय.

मोडीवाली

फार छान. आम्ही इथे कुलवृत्तांतासाठी मोडी कागद वाचतो, त्यात माझा अनुभव असा की देशमुख-देशपांड्यांची वंशावळ अकरा पिढ्या मिळते आणि त्याच गावातल्या साध्या कुणब्याची तिसऱ्या पिढीलाच गाडी अडते. तिकडे सामान्य माणसाचं काय मिळतं? चर्चच्या वह्या असतात ना?

नॉटिंगहॅमकर

ताई, नेमकं वर्मावर बोट ठेवलंत. चर्चच्या वह्या असतात, १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव समजा) बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवायचं. वही कुलपाच्या पेटीत. लोकांना वाटलं हा नवीन कर बसवायचा डाव आहे, आणि लोकांचं वाटणं अगदीच चुकीचं नव्हतं, कारण शे-दीडशे वर्षांनी, १६९५ ला, जन्म-लग्न-मरणावर खरोखर कर बसलाच फ्रान्सशी युद्धासाठी.

आमच्या शेजारी एक आजी राहतात, माहेर याच पट्ट्यातलं, वय ऐंशीच्या पुढे. त्यांना आपल्या घराण्याचं काढायचं होतं, डोळे साथ देत नाहीत म्हणून मी वाचून द्यायला लागलो आणि मलाच नाद लागला. वह्यांमधे काय अडचणी येतात ते सांगतो. सुरुवातीच्या नोंदी लॅटिनमधे, ती भाषा सरकारी कागदांतून १७३३ ला गेली. वर्ष २५ मार्चला बदलायचं, १७५२ पासून १ जानेवारीला बदलायला लागलं, त्यामुळे आजी एकदा हादरल्याच, त्यांच्या एका पूर्वजाचं लग्न त्या म्हणाल्या सप्टेंबर १७११ ला आणि पोराचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७११ ला. "म्हणजे आधी पोर?" म्हणाल्या. मी म्हटलं नाही हो आजी, तो फेब्रुवारी म्हणजे आपला १७१२. मग त्यांनी बोटं मोजली, सप्टेंबर ते फेब्रुवारी, आणि म्हणाल्या, "तरी पाचच महिने होतात" :)

पण वहीत गरिबाबद्दल मिळतं काय? नाव, तारीख. फार तर 'मजूर'. खरा माल दुसरीकडे असतो. १६६२ साली कायदा झाला की गरिबाला पोसायची जबाबदारी त्याच्या स्वतःच्या पॅरिशची, आणि स्वतःची पॅरिश कोणती तर जिथे जन्मला, जिथे धंदा शिकायला उमेदवारी केली, किंवा जिथे पुढे सलग वर्षभर सालदारकी केली. आता प्रत्येक पॅरिशला वाटणार हा माणूस आमचा नसावा. मग शेतकरी गडी ठेवायचे एक्कावन्न आठवड्यांसाठी! वर्ष भरायच्या आत घरी पाठवायचं, म्हणजे हक्क लागू नये. आणि माणूस आजारी पडला, बाई विधवा झाली की न्यायाधीशापुढे उभं करून जबानी घ्यायची, कुठे जन्मलास, कोणाकडे राबलास, किती पगार होता, लग्न कुठे झालं, पोरं किती. पुढे त्याला हाकलून द्यायचा हुकूम. आजींच्या आईकडच्या एका पणजोबांच्या वडलांचं अख्खं आयुष्य अशा एका जबानीत मिळालं, अर्ध्या पानात, कोणत्या मालकाकडे किती दिवस, कोणी पगार बुडवला, सगळं. खाली सहीच्या जागी फुलीची खूण. त्याच काळातला त्यांचा दुसरा एक पूर्वज ज्याची स्वतःची थोडी जमीन होती, कधी कोणापुढे हात पसरला नाही की कोणाशी भांडला नाही, त्याच्याबद्दल तीन तारखांपलीकडे काही नाही.

लॅक्सटनच्या कोर्टाच्या कागदांचं तेच. जो नांगर सरकवायचा, डुकरं मोकळी सोडायचा, ओघळ साफ करायचा नाही त्याचं नाव वर्षानुवर्षं येतं. सरळमार्गी माणूस कागदावर येतच नाही.

खवचट_खार

वा म्हणजे पणतवंडांनी आठवण काढावी असं वाटत असेल तर आजच शेजाऱ्याचा बांध कोरायला घ्या. जातो टिकाव आणायला.

तलाठीआप्पा

खारताई हसण्यावारी नेऊ नका, हे शंभर टक्के खरं आहे. फेरफाराच्या वह्या काढा, हरकत घेणारा माणूसच पानभर भेटतो. ज्याचा फेरफार बिनहरकत मंजूर झाला त्याची एक ओळ.

नॉटिंगहॅमकर, गुरांचं सांगितलंत, मोकाट सुटलेल्या जनावरांचं काय करायचे? कोंडवाडा होता का?

नॉटिंगहॅमकर

होता म्हणजे, आहे! कोंडवाडा अजून गावात उभा आहे, डागडुजी करून ठेवलाय. गावाने नेमलेला माणूस असायचा, त्याला पिंडर म्हणत, सुटलेलं जनावर आणून कोंडायचं, मालकाने दंड भरला की सोडायचं. त्या ओघळींवरच्या गवताचा तर अजून लिलाव होतो उन्हाळ्यात, आणि आलेले पैसे हक्कदारांमधे वाटले जातात. रक्कम किरकोळच असते पण हक्क तो हक्क, कोणी सोडत नाही.

रोखठोक_रावते

एक कळत नाही, ज्यांनी आपल्या गावगाड्याची वाट लावली त्यांच्या गावाचं एवढं कौतुक कशासाठी? आपल्या गावांचे कागद वाळवी खातेय आणि आपण लॅक्सटनचा कोंडवाडा बघतोय. असो, चालू द्या.

मोडीवाली

रावते, वाळवीचं खरं आहे, त्यासाठी मी दर रविवारी कागद झटकते, तुम्हीही या, माणसं कमीच पडतात. बाकी या दोन गोष्टींचा संबंध नाही असं नाही बरं का. हेन्री मेन म्हणून कायदेपंडित होता, १८६२ ते ६९ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात होता, त्याने परत जाऊन १८७१ मधे याच विषयावर लिहिलं, हिंदुस्थानातली गावकी आणि युरोपातली जुनी सामाईक रानं एकाच जातीची आहेत म्हणून. त्याचा सिद्धांत पुढे बराच मोडीत निघाला पण इथल्या गावांकडे बघायचा साहेबाचा चष्मा असा होता हे लक्षात घ्यायला हवं. स्वतःच्या देशात जे नुकतंच कुंपण घालून संपवलं ते त्यांना इथे दिसत होतं.

कारवारी_बांगडा

थांबा थांबा थांबा. नॉटिंगहॅमकर, तुम्ही वर कोर्टेन म्हणालात ना, सर विल्यम कोर्टेन, लंडनचा व्यापारी, १६३५? अहो हा तर आमचा माणूस!

ईस्ट इंडिया कंपनीकडे मक्तेदारी असताना पहिल्या चार्ल्स राजाने तिला डावलून या कोर्टेनच्या मंडळीला पूर्वेकडच्या व्यापाराचा परवाना दिला होता. त्यांची गलबतं कॅप्टन जॉन वेडेलच्या हाताखाली १६३६ च्या एप्रिलात निघाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गोव्याला लागली. सोबत पीटर मंडी नावाचा माणूस होता, त्याने रोजनिशी लिहून ठेवलीय म्हणून सगळं कळतं. तिथून पुढे ते मलबार, मग थेट चीनपर्यंत गेले. आणि १६३८ मधे कारवारला वखार घातली ती याच कोर्टेनच्या मंडळीने, आमच्या गॅझेटियरमधे पहिल्या पानांत आहे. मिरी आणि वरच्या घाटातलं कापड यासाठी. कंपनीवाले जळफळायचे कारण हे लोक किनाऱ्यावर त्यांच्या आधी पोचून भाव चढवून ठेवत.

शिवाजी महाराजांच्या काळातली जी कारवारची इंग्रज वखार आपण वाचतो तिचं मूळ हे. म्हणजे तुमच्या गावच्या कुळांचा खंड आणि आमच्या कारवारची मिरी एकाच चोपडीत.

नॉटिंगहॅमकर

बांगडेराव, दंडवत. गावात कोर्टेनचं नाव फक्त 'नकाशावाला' म्हणून घेतात, हे कोणालाच ठाऊक नसणार. तारखा बघा कशा बसतात, नकाशा १६३५, गलबतं १६३६, आणि कोर्टेन स्वतः १६३६ च्या उन्हाळ्यात वारला, म्हणजे जहाजं गोव्याला पोचायच्या आधीच. बाप फ्लँडर्सहून धर्मछळाला कंटाळून पळून आलेला, कपड्याच्या धंद्यातला. पोराने इतका पैसा केला की राजाला कर्ज देत होता. बार्बाडोसची वसाहत पण याच्याच पैशांवर उभी राहिली आणि तीही हातची गेली. गाव विकत घेणं, ते मोजून घेणं, जहाजं पाठवणं हे सगळं एकाच माणसाचं हिशेबी डोकं. नंतर मुलाच्या काळात दिवाळं वाजलं, त्या गडबडीतच लॅक्सटन विकलं गेलं.

कारवारी_बांगडा

दिवाळं वाजणारच, वेडेलचं जहाज ड्रॅगन आणि दुसरं कॅथरीन ही दोन्ही १६३९ च्या परतीच्या प्रवासात मालासकट बेपत्ता झाली. वेडेलही गेला.

चुलत_भाऊबंद

म्हणजे हिंदी महासागरात जहाज बुडालं आणि नॉटिंगहॅमशायरच्या कुळांचा मालक बदलला. अशक्य भारी.

नॉटिंगहॅमकर

एवढं सरळ जोडू नका, कर्जबाजारीपणाला बरीच कारणं होती, राजाने कर्ज फेडलं नाही हे एक मोठं. पण त्यात जहाजांचा वाटा होताच. आणि कुळांना मालक बदलल्याने काय फरक पडला? नकाशावरच्या वहीत जी नावं तीच माणसं, दुसऱ्या दिवशी तेच पट्टे नांगरायला.

लेस्टरची_काकू

अवांतर होईल, पण लॅक्सटनपासून चार-पाच मैलांवर ईक्रिंग म्हणून गाव आहे तिथे आम्ही चालायला जातो. ते पाद्री मॉम्पेसन तिथले ना? प्लेगवाले?

नॉटिंगहॅमकर

काकू, तेच ते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डर्बीशायरमधे ईम नावाचं गाव आहे, १६६५ च्या सप्टेंबरात तिथे प्लेग शिरला, सांगतात की लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यातून, आणि जून १६६६ मधे या विल्यम मॉम्पेसनने गावाला तयार केलं की कोणी हद्द ओलांडायची नाही. जेवण हद्दीच्या दगडावर ठेवायचं, पैसे व्हिनेगरमधे बुडवून. दोनशे साठच्या आसपास माणसं गेली, त्याची बायको कॅथरीन ऑगस्टमधे गेली. हे सगळं सगळीकडे वाचायला मिळतं. त्याच्या आधीचा पाद्री थॉमस स्टॅन्ली, ज्याला धर्ममतावरून काढून टाकलेलं, तो तिथेच राहून मदतीला होता, त्याला मात्र लोक विसरतात.

पुढचं मला जास्त रोचक वाटतं. मॉम्पेसनची १६७० च्या सुमारास ईक्रिंगला बदली झाली आणि गाव त्याला आतच घेईना! प्लेग संपून तीन-चार वर्षं झाली होती तरी. बिचारा रफर्डच्या बागेत झोपडीत राहिला आणि गावाबाहेर एका अ‍ॅशच्या झाडाखाली उभा राहून प्रवचन द्यायचा. आता तिथे दगडी क्रूस आहे, काकूंनी बघितला असेल. हळूहळू लोक निवळले आणि १७०९ ला मरेपर्यंत तो तिथेच होता. आपल्याला ईमच्या लोकांची शूर गोष्ट सांगतात, ईक्रिंगच्या लोकांची कोणी सांगत नाही, आणि मला विचाराल तर मीही त्यांच्यासारखाच दार लावून बसलो असतो.

लेस्टरची_काकू

बघितलाय तो क्रूस, शेतात आहे. बूट भरले चिखलाने.

खवचट_खार

तुमच्या लॅक्सटनला प्लेग, चोर, डाकू काही नाही का? सगळेच खुंट मोजणारे?

नॉटिंगहॅमकर

डाकू हवे असतील तर शेरवुडला शेजार आहे की. लॅक्सटनचा किल्ला, म्हणजे आता नुसता गवत उगवलेला मातीचा उंचवटा, तिथूनच शेरवुडच्या जंगलाचा कारभार चालायचा, एव्हरिंगहॅम घराणं त्याचं राखणदार. त्यांचे पुतळे चर्चमधे आहेत, त्यात एका सरदाराच्या बायकोचा ओक लाकडाचा आहे, या जिल्ह्यात असा लाकडी एवढाच. चर्च स्वतः १८६० च्या सुमारास अर्लने डागडुजी करताना कापून लहान केलं, त्याबद्दल आजी अजून अर्लला बोल लावतात.

आणि कायद्यातून पळवाट काढणारे हवे असतील तर प्रत्येक गावात आहेत. लोकरीचा धंदा वाढावा म्हणून इंग्लंडात १६६६ आणि १६७८ ला कायदे झाले की मेलेल्या माणसाला लोकरीच्याच कापडात गुंडाळून पुरायचं, तागाच्या नाही. नातेवाइकाने आठ दिवसांत शपथपत्र द्यायचं. नाही दिलं तर पाच पौंड दंड, त्यातला अर्धा गावच्या गरिबांना आणि अर्धा चुगली करणाऱ्याला. मग पैसेवाले काय करायचे, तागाच्या झुळझुळीत कापडातच पुरायचे आणि घरातल्याच कोणाला तरी चुगली करायला लावायचे, म्हणजे दंड आपोआप अर्धा. वह्यांमधे अशा नोंदी दिसल्या की समजायचं घर खातंपितं होतं.

मोडीवाली

ही युक्ती ऐकून आमचे कुलकर्णी पण लाजतील.

एक विचारायचं होतं, आजींच्या घराण्याचं शेवटी कुठपर्यंत गेलात?

नॉटिंगहॅमकर

बापाकडून १६८० च्या घरात, त्याच्या मागे एकाच नावाचे तीन जॉन एकाच पॅरिशमधे, कोण कोणाचा ते ठरत नाही आणि ओढूनताणून जोडायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय. १६३५ च्या वहीत तेच आडनाव आहे, आजींची खात्री आहे की तो आमचाच. मी गप्प बसतो. इंटरनेटवर लोक बिनधास्त जोडतात आणि मग दोन क्लिकमधे प्रत्येक जण राजाचा वंशज.

अलीकडच्या बाजूला वेगळीच रड आहे. खानेसुमारी शंभर वर्षांनी उघडतात, १९२१ ची २०२२ ला उघडली, आजींना त्यात आईवडील सापडले. पुढची १९३१ ची १९४२ मधे आगीत जळली, १९४१ ला युद्धामुळे झालीच नाही, त्यामुळे आता थेट १९५१ ची, ती उघडणार २०५२ ला. आजींनी मला बजावून सांगितलंय की ती तू बघायची.

चुलत_भाऊबंद

माझा कामाचा प्रश्न. माझ्या बायकोचे पणजोबा (आईकडून) बेळगावच्या छावणीत इंग्रज सार्जंट होते असं घरात सांगतात, नाव माहीत आहे, गाव माहीत नाही. कुठून सुरू करू? पॅरिश कशी शोधायची?

कारवारी_बांगडा

बेळगाव मुंबई इलाख्यात, त्यामुळे तिथल्या चर्चने बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदींच्या नकला मुंबईमार्गे लंडनला पाठवलेल्या असणार. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, मुंबईची मालिका वेगळी आहे, बंगाल आणि मद्रास वेगळी. बरंचसं ऑनलाइन शोधता येतं.

नॉटिंगहॅमकर

बांगडेरावांनी सांगितलं तिथूनच सुरू करा, आधी लग्नाची नोंद बघा, बापाचं नाव असतं त्यात. मग तो सैन्यात भरती कुठे झाला ते कागद, त्यात जन्माची पॅरिश लिहिलेली असते. एकदा पॅरिश आणि बापाचं नाव हाती लागलं की इकडचं मी बघतो. आणि नुसत्या आडनावावर इंग्लंडात शोधायला जाऊ नका, स्मिथ असेल तर जन्म जाईल. आडनाव काय आहे?

चुलत_भाऊबंद

स्मिथ.

खवचट_खार

😂😂 टिकाव घेऊन आले होते, आता बसतेच इथे.

नॉटिंगहॅमकर

बरं. पलटणीचं नाव किंवा नंबर काही माहीत आहे का? एखादं पदक, फोटो, बटण? फोटो असेल तर टोपीवरचा बिल्ला स्पष्ट दिसेल असा काढून टाका. आणि पहिलं नाव तरी जॉन नसू दे.